आतेनेओ दे मनिला

फिलिपीन्समधील येशूसंघाची, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंची, सर्वांत नामवंत शिक्षणसंस्था. स्थापना १० डिसेंबर १८५९ रोजी, मनिला शहराच्या तटबंदीच्या आत झाली. मुख्य परिसर आता केसोन सिटीत, लोयोला हाइट्स नावाच्या टेकाडावर आहे. प्राथमिक शाळेपासून कायदा, व्यवस्थापन आणि वैद्यकापर्यंतचे शिक्षण येथे मिळते. देशाचा राष्ट्रपुरुष, क्रांतियुद्धातले सेनापती, राष्ट्राध्यक्ष, कवी आणि भूमिगत कार्यकर्ते असे सगळे या एका शाळेच्या पटावर सापडतात. तिचा इतिहास वाचताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, तो म्हणजे ही शाळा कोणाची? शहराच्या पैशाने, राज्यकर्त्यांच्या मुलांसाठी ती सुरू झाली, जवळजवळ शंभर वर्षे परदेशी धर्मगुरू तिचे प्रमुख होते, आणि तिला देशाची करण्याचे काम बहुतांशी तिच्याच विद्यार्थ्यांनी केले.

स्थापना

येशूसंघाचे लोक फिलिपीन्समध्ये प्रथम १५८१ साली आले. मनिलात त्यांनी महाविद्यालये काढली आणि बेटाबेटांवर चर्च उभारली. पुढे स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने १७६७ मध्ये आपल्या सगळ्या राज्यातून येशूसंघाला हद्दपार केले. तो हुकूम दूरच्या या वसाहतीत १७६८ साली अमलात आला आणि संघाच्या शाळा, जमिनी, इमारती सरकारजमा झाल्या. त्यानंतर नव्वद वर्षे या बेटांवर एकही जेझुइट नव्हता. शिक्षण मुख्यतः डोमिनिकन संघाच्या हाती राहिले. सांतो तोमास (१६११) आणि लेत्रान (१६२०) या त्यांच्या जुन्या संस्था आजही चालू आहेत.

१८५९ मध्ये फादर होसे फेर्नांदेस क्वेवास यांच्या नेतृत्वाखाली दहा जेझुइट मनिलाच्या बंदरात उतरले ते शाळा चालवायला नव्हे, तर दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर धर्मप्रसाराला. पण मनिला नगरपालिकेची एक छोटी शाळा तेव्हा कशीबशी चालली होती. तिच्यात तीसेक मुले होती आणि तीही बहुतेक स्पॅनिश रहिवाशांची. गव्हर्नर जनरल फेर्नांदो नोर्सागाराय यांनी ती शाळा चालवायला घ्या म्हणून धर्मगुरूंना गळ घातली. त्यांनी ती घेतली आणि तिचे नाव झाले एस्कुएला मुनिसिपाल. १८६५ साली तिला माध्यमिक दर्जा मिळाला, बाचिल्येर ही पदवी देण्याचा अधिकार आला आणि नावही बदलून आतेनेओ मुनिसिपाल दे मनिला असे झाले. खर्चाला नगरपालिकेचे अनुदान होते.

धर्मगुरूंनी शाळेचे दार स्थानिक मुलांनाही उघडले. तेव्हाच्या मनिलात माणसाची जागा त्याच्या रक्तावरून ठरत असे. स्पेनमध्ये जन्मलेला गोरा सर्वांत वर, वसाहतीत जन्मलेला गोरा त्याच्या खाली, मग मिश्र रक्ताचे, आणि सगळ्यांच्या तळाशी ‘इंदिओ’, म्हणजे मूळचे रहिवासी. अशा शहरात शेतकऱ्याचा, व्यापाऱ्याचा सावळा मुलगा स्पॅनिश अधिकाऱ्याच्या मुलाच्या बाकावर बसू लागला. शाळेचा अभ्यासक्रम युरोपीयच होता. लॅटिन, ग्रीक, वक्तृत्व, गणित, भौतिकशास्त्र आणि रोजची प्रार्थना हे सारे स्पॅनिश माध्यमातून चाले. तरीही पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या एका निर्णयात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

रोमन आणि कार्थेजियन

जून १८७२ मध्ये कालांबा गावचा अकरा वर्षांचा होसे रिझाल, पुढे देशाचा राष्ट्रपुरुष ठरलेला, प्रवेशासाठी आला. ते वर्षच मोठे तापलेले होते. त्याच फेब्रुवारीत बुर्गोस, गोमेस आणि सामोरा या तीन धर्मगुरूंना बंडात सामील असल्याच्या आरोपावरून भर मैदानात गळा आवळून ठार केले होते, आणि रिझालचा थोरला भाऊ फादर बुर्गोस यांच्या निकटचा. म्हणून धाकट्याने घरचे मेर्कादो हे आडनाव न लावता रिझाल हे लावले. मुलगा उशिरा आला आहे आणि फारच किडकिडीत दिसतो, या कारणाने निबंधक फादर मागिन फेर्रांदो त्याला घ्यायला तयार नव्हते. फादर बुर्गोस यांच्या पुतण्याने रदबदली केली तेव्हा त्याला प्रवेश मिळाला.

वर्गाची रचना अशी होती. प्रत्येक तुकडीचे दोन गट असत. वसतिगृहात राहणारी मुले ‘रोमन साम्राज्य’ आणि घरून किंवा खाणावळीतून येणारी ‘कार्थेज’. दोन्ही गटांचे निशाण वेगळे, हुद्दे मात्र तेच. सर्वांत हुशार मुलगा सम्राट, त्याच्या खाली ट्रिब्यून, मग डेक्युरियन, सेंच्युरियन आणि निशाणबरदार. कोणीही आपल्या वरच्याला प्रश्नांत अडवायचे, तो चुकला की त्याची जागा घ्यायची. हुद्दा एकदा मिळाला म्हणून कायमचा राहत नसे, रोजच्या रोज राखावा लागे. गणवेश तागासारख्या अबाका धाग्याच्या कापडाची पँट आणि पट्ट्यापट्ट्यांचा सुती कोट असा असे. त्या कापडाला रायादिल्यो म्हणत. वीस-पंचवीस वर्षांनी हेच कापड फिलिपिनो क्रांतिकारी सैन्याच्या अंगावर दिसले.

रिझाल नवा आणि स्पॅनिशमध्ये कच्चा, म्हणून त्याला अगदी शेवटी बसवले होते. महिन्याभरात तो सम्राट झाला. बक्षीस म्हणून त्याला एक धार्मिक चित्र मिळाले. दुपारच्या सुट्टीत तो सांता इसाबेल कॉलेजात तीन पेसो देऊन स्पॅनिशची शिकवणी घेत असे. पुढे फादर फ्रान्सिस्को दे पाउला सांचेस यांनी त्याला कवितेची गोडी लावली आणि या शिक्षकाविषयीचा आदर त्याने जन्मभर जपला. २३ मार्च १८७७ रोजी सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन तो बाहेर पडला.

या गुणवत्तेच्या खेळाने काय घडवले असेल, याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्पॅनिश मुलाला प्रश्नात हरवून त्याची जागा घेता येते, हे ज्या मुलाने रोज अनुभवले, त्याला शाळेच्या दाराबाहेरची उतरंड देवाने नेमून दिलेली कशी वाटावी? शिक्षकांच्या मनात बंड नव्हते. ते राजनिष्ठ होते आणि पुढे रिझालच्या लेखनाने दुखावलेही. पण त्यांनी वर्गात जो न्याय शिकवला, तो विद्यार्थ्यांनी देशाला लावून पाहिला. आंतोनिओ लूना आणि ग्रेगोरिओ देल पिलार हे क्रांतियुद्धातले दोन प्रसिद्ध सेनापती याच शाळेचे. देल पिलार १८९९ च्या डिसेंबरमध्ये तिराद खिंडीत अमेरिकनांशी लढताना पडला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

शाळेत असताना रिझालने फादर ल्येओनार्त यांच्या सांगण्यावरून चाकूने लाकडात येशूच्या पवित्र हृदयाची एक लहान मूर्ती कोरली होती. फादर ती स्पेनला नेणार होते, पण जाताना विसरले. मुलांनी ती वसतिगृहाच्या दारावर बसवली आणि तिथे ती वीस वर्षे राहिली. २९ डिसेंबर १८९६ रोजी रिझालला मृत्युदंडाचा निकाल वाचून दाखवण्यात आला. त्या दिवशी सांतियागो किल्ल्यातल्या कोठडीत त्याला भेटायला गेलेल्या जुन्या शिक्षकांनी ती मूर्ती बरोबर नेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बागुंबायान मैदानावर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. शेवटच्या रात्री त्याने चर्चविरोधी लेखन मागे घेतले की नाही, यावर फिलिपीन्समध्ये अजूनही वाद होतो. तसा कागद १९३५ साली सापडल्याचे जाहीर झाले, पण त्याचा खरेपणा सर्वांना मान्य नाही.

वेधशाळा

आतेनेओची दुसरी मोठी देणगी हवामानशास्त्राची. १८६५ मध्ये शाळेतल्या तरुण जेझुइट शिक्षकांनी हाती होती तेवढ्या उपकरणांनिशी एका चक्रीवादळाच्या नोंदी टिपल्या आणि त्या वर्तमानपत्रात छापून आल्या. मनिलाच्या व्यापाऱ्यांना त्यांचा उपयोग लगेच कळला, कारण बंदरातली जहाजे वाचणार होती. त्यातून मनिला वेधशाळा उभी राहिली आणि फादर फेदेरिको फाउरा तिचे प्रमुख झाले. जुलै १८७९ मध्ये फाउरांनी उत्तर लुझोनवरून जाणाऱ्या वादळाचा इशारा आधीच दिला. पूर्वेच्या या समुद्रात असा इशारा प्रथमच दिला जात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मनिलावर येणारे वादळही त्यांनी दोन दिवस आधी सांगितले. दरवर्षी वादळे झेलणाऱ्या देशात या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. १८८४ मध्ये स्पेनच्या सरकारने वेधशाळेला अधिकृत मान्यता दिली आणि अमेरिकन आल्यावर तीच सरकारी हवामान खाते बनली. फाउरा रिझालच्या अखेरच्या दिवशी त्याला भेटायला गेलेल्यांपैकी एक होते. त्यानंतर महिन्याभरातच, २३ जानेवारी १८९७ रोजी, त्यांचे निधन झाले. वेधशाळा ज्या रस्त्यावर होती त्याला पुढे पाद्रे फाउरा हे नाव मिळाले. १९६३ पासून ती आतेनेओच्या आजच्या परिसरात आहे.

अमेरिकन काळ आणि मुंबईशी धागा

१८९८ मध्ये स्पेन हरला आणि वसाहत अमेरिकेकडे गेली. धर्मसंस्थेला सरकारी पैसा देणे अमेरिकन कायद्यात बसत नव्हते, म्हणून १९०१ साली नगरपालिकेचे अनुदान बंद झाले. नावातले ‘मुनिसिपाल’ गेले आणि आतेनेओ खासगी शाळा झाली. देशभर सरकारी शाळांतून इंग्रजी शिकवली जाऊ लागली, तरी आतेनेओत आणखी वीसेक वर्षे स्पॅनिशच चालली.

ती बदलली तीही एका दूरच्या घडामोडीमुळे, आणि त्या घडामोडीचे दुसरे टोक मुंबईत आहे. मुंबईचे जेझुइट मिशन जर्मन धर्मगुरूंच्या हाती होते. सेंट झेवियर्स कॉलेज (१८६९) त्यांनीच उभारले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्ध केले आणि मायदेशी धाडले. त्यांच्या जागी अमेरिकन जेझुइट पाठवायचे ठरले, पण ब्रिटिश त्यांना भारतात येऊ द्यायला राजी नव्हते. अखेर अदलाबदल झाली. १९२१ मध्ये अमेरिकन जेझुइट फिलिपीन्सला गेले आणि तिथले मिशन सांभाळणाऱ्या स्पेनच्या आरागॉन प्रांताकडे मुंबई आली. झेवियर्सचे इतिहासकार फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईत आले ते या व्यवस्थेमुळेच. त्यांनी १९२६ मध्ये काढलेल्या इतिहास संशोधन संस्थेत मराठी अभ्यासकांच्या कितीतरी पिढ्यांनी काम केले आहे. मनिलाच्या आतेनेओची भाषा बदलणारा निर्णय आणि मुंबईला हेरास मिळवून देणारा निर्णय एकच होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

येशूसंघाच्या न्यूयॉर्क-मेरीलँड प्रांताकडून आलेल्या या नव्या शिक्षकांनी इंग्रजी माध्यम, नाटके, वादविवाद आणि बास्केटबॉल आणले. आतेनेओच्या मुलांचे इंग्रजी उच्चार मनिलात ओळखू येऊ लागले. त्यात कौतुक होते आणि टीकाही. ला साल या दुसऱ्या कॅथलिक शाळेशी बास्केटबॉलची चुरस आजही साऱ्या देशाला बघायची असते. १९३६ मध्ये कायद्याचे शिक्षण सुरू झाले.

आग आणि युद्ध

१३ ऑगस्ट १९३२ रोजी इंत्रामुरोसमधील, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या मनिलातील, शाळा जळाली. वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि अनेक वर्षे जमवलेला वस्तुसंग्रह आगीत गेला. शाळा तटबंदीबाहेर एर्मिता भागात, पाद्रे फाउरा रस्त्यावरच्या येशूसंघाच्या जागेत हलवली गेली.

तिथे ती जेमतेम दहा-बारा वर्षे टिकली. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिला परत घेण्यासाठी अमेरिकन आणि जपानी सैन्यांत महिनाभर रस्तोरस्ती लढाई झाली. जपानी सैनिकांनी केलेल्या कत्तली आणि अमेरिकन तोफांचा मारा यांत सुमारे एक लाख नागरिक मेले. एर्मिता भागाची राख झाली आणि पाद्रे फाउराचा परिसरही गेला. इंत्रामुरोसमधले जेझुइटांचे सान इग्नासिओ चर्चही याच वेळी जळाले. १८८९ चे हे चर्च फेलिक्स रोहास या फिलिपिनो वास्तुकाराने बांधले होते आणि आतले सारे लाकडी कोरीवकाम इसाबेलो ताम्पिन्को यांचे होते. शाळेची इमारत पुन्हा बांधता येते, पण ते कोरीवकाम पुन्हा होणे नव्हते. पाद्रे फाउराच्या ढिगाऱ्यात संत योसेफ आणि बाळ येशूचा पुतळा तेवढा उभा राहिला होता. तो आता लोयोला हाइट्सला जेझुइटांच्या निवासासमोर आहे.

युद्धानंतर काही काळ सांपालोक भागातल्या उसन्या जागेत वर्ग भरले. १९४६ मध्ये शाळा पाद्रे फाउराला परतली आणि पडक्या भिंतींच्या मधोमध अमेरिकन लष्कराच्या क्वॉन्सेट झोपड्यांत भरू लागली. अर्धा पिंप आडवा ठेवावा तशा या पन्हाळी पत्र्याच्या लांबट खोल्या दुपारी तापत, पावसात शिक्षकांचा आवाज बुडे. त्या पिढीच्या आतेनेओकरांना या झोपड्यांचा अभिमान वाटे.

टेकडीवर

१९५२ मध्ये शाळा पुन्हा हलली. रेक्टर फादर विल्यम मास्टर्सन यांनी मनिलाबाहेर, मरिकिना खोऱ्याच्या काठावरचे विस्तीर्ण गवताळ टेकाड निवडले. इतक्या लांब कोण येणार, असा आक्षेप बऱ्याच जणांनी घेतला. आज तो भाग शहराच्या पोटात आहे, समोरच्या काटिपुनान रस्त्यावर दिवसभर वाहनांची रांग असते आणि परिसर सुमारे ८३ हेक्टरांचा आहे. मास्टर्सन नंतर मिंदानाओला गेले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी तिथे कृषी महाविद्यालय काढले आणि १९७४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९५८ मध्ये फादर फ्रान्सिस्को आरानेता हे पहिले फिलिपिनो रेक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी, शतकमहोत्सवात, संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९६४ मध्ये माजी विद्यार्थी आणि इतिहासकार ओरासिओ दे ला कोस्ता येशूसंघाचे पहिले फिलिपिनो प्रांतप्रमुख झाले. म्हणजे शाळा कागदावर देशाची झाली.

विद्यार्थ्यांना एवढ्यावर समाधान नव्हते. १९६८ मध्ये विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात पाच जणांच्या सहीचे एक निवेदन छापून आले. आतेनेओने टेकडीवरून खाली उतरावे, अशी त्याची मागणी होती. इथला अभ्यासक्रम अमेरिकन, भाषा इंग्रजी, मुले श्रीमंतांची आणि शाळेतून बाहेर पडलेले लोक त्याच अन्यायी व्यवस्थेचे चालक होतात, असे त्यांचे म्हणणे होते. सही करणाऱ्यांत कवी एमान लाकाबा होता. १९७६ मध्ये तो मिंदानाओत गनिमी तुकडीत असताना मारला गेला. विद्यार्थी नेता एदगार जॉपसन हाही आतेनेओचा. सौम्य सुधारणावादी म्हणून सुरुवात करून लष्करी कायद्याच्या काळात तो भूमिगत झाला आणि १९८२ मध्ये दावाओत ठार झाला. शाळेवरची टीका त्यांनी स्वतःच्या आयुष्याने खरी करून दाखवली. त्यांच्या मार्गाशी सहमत नसलेल्यालाही हे मान्य करावे लागेल.

त्याच सुमारास वर्गातही एक मोठा बदल होत होता. १९६९ मध्ये फादर रोके फेरिओल्स तत्त्वज्ञान फिलिपिनो भाषेत शिकवू लागले. बाजारात, घरात बोलली जाणारी भाषा सॉक्रेटिसला पेलणार नाही, अशी अनेक प्राध्यापकांची समजूत होती. फेरिओल्स यांनी ग्रीक मूळ ग्रंथ थेट फिलिपिनोत आणले, रोजच्या बोलीतल्या शब्दांतच विचार मांडता येतो हे वर्षानुवर्षे शिकवून दाखवले आणि त्यांच्या हाताखालून शिक्षकांची एक परंपरा तयार झाली. मराठीतून विज्ञान आणि तत्त्वज्ञान शिकवण्याबद्दल आपल्याकडे जे वाद झाले ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रयत्नाची किंमत चटकन कळेल. निवेदने पुष्कळ निघतात. तीस-पस्तीस मुलांपुढे रोज उभे राहून ते करून दाखवणारा शिक्षक विरळा.

१९७२ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फेर्दिनांद मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. काही विद्यार्थी तुरुंगात गेले, काही गावोगाव काम करू लागले. १९७३ पासून पदवीच्या वर्गांत मुली आल्या. माजी विद्यार्थी आणि विरोधी पक्षाचे नेते एवेलिओ हावियेर यांची फेब्रुवारी १९८६ मधील हत्या मार्कोस राजवटीच्या अखेरच्या दिवसांतली. त्याच महिन्यात मार्कोस यांच्याविरुद्ध मनिलातल्या एदसा रस्त्यावर लाखो लोक उतरले, तेव्हा सैन्याच्या हालचालींच्या बातम्या देणाऱ्या गुप्त रेडिओ केंद्रामागे फादर जेम्स रॉयटर होते. आतेनेओत त्यांनी मुलांना नाटक आणि बास्केटबॉल शिकवला होता. नव्या राज्यघटनेच्या मसुदा आयोगात विद्यापीठाचे अध्यक्ष फादर होआकिन बेर्नास होते. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले बेनिग्नो अकिनो तिसरे येथलेच अर्थशास्त्राचे पदवीधर.

अकिनो सत्तेवर येण्याआधी सुरू झालेला आणि त्यांच्या कारकिर्दीत संपलेला एक अवघड प्रसंगही शाळेपुढे आला. कुटुंबनियोजनाची साधने सरकारी दवाखान्यांतून देण्याच्या विधेयकाला बिशपांचा कडवा विरोध होता. २००८ मध्ये आतेनेओच्या चौदा प्राध्यापकांनी, आणि २०१२ मध्ये दीडशेहून अधिक शिक्षकांनी, कॅथलिक माणूस सद्सद्विवेकाने या विधेयकाला पाठिंबा देऊ शकतो असे जाहीर केले. विद्यापीठाच्या प्रशासनाने हे संस्थेचे मत नव्हे असा खुलासा केला, बिशपांनी चौकशीची भाषा केली, पण शिक्षकांनी सही मागे घेतली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कायदा झाला.

येशूसंघाने आतेनेओ हे नाव पुढे सांबोआंगा (१९१२), नागा (१९४०) आणि दावाओ (१९४८) येथील शाळांनाही दिले. कागायान दे ओरो येथील आतेनेओचे (१९३३) आता झेवियर विद्यापीठ झाले आहे. मनिलातील कायदा महाविद्यालय मकाती भागात, तर २००७ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय पासिगमध्ये आहे. लोयोला हाइट्सच्या माध्यमिक विभागातील वरच्या इयत्तांत २०१६ पासून मुलींनाही प्रवेश मिळतो.